पैलवानाचा गुडघा मोडल्यावर

शेतकरी बंधूंनो, पोटाला चिमटा घेऊन तुम्ही पोराच्या खुराकाला दूधतूप पुरवितां. पण उद्यां त्याचा गुडघा मोडला तर पुढें काय, याचा विचार केला आहे काय?

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आठवा. १९५२ सालीं हेलसिंकीस जावयास पैसा नव्हता, तेव्हां राजाराम कॉलेजांतील त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनीं स्वतःचें घर गहाण टाकलें. खाशाबांनीं कांस्यपदक आणलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परंतु तेथें जपानी मल्लाशीं लांबलेली कुस्ती संपते न संपते तोंच त्यांना सोव्हिएत मल्लापुढें उभें केलें. मध्यें विसावा देण्याचा नियम होता. पण तो बजावून सांगावयास आपला एकही अधिकारी हजर नव्हता! पुढें गुडघा दुखावला आणि १९५६ ची संधि गेली. १९८४ सालीं ते अपघातांत वारले. अर्जुन पुरस्कार आला तो मरणानंतर.

गुडघा मोडणें हें दैव असेल. पण मोडलेल्याला वाऱ्यावर सोडणें हें दैव नव्हे, ती आपली करणी आहे. जत्रेच्या फडांत जिंकणाऱ्याला फेटा बांधतां, हरकत नाहीं. मात्र त्याच वर्गणींतून शेंकडा पांच रुपये जखमी मल्लांच्या औषधपाण्यासाठीं बाजूला काढा. आणि तालमीपायीं पोराची शाळा सोडवूं नका. गुडघा दगा देईल, अक्षर देणार नाहीं.