बेंगळुरू एफसीच्या मालकांना मराठी समर्थकांचे निवेदन

दिनांक : 20 मे 2024

प्रति,
मा. मालक व संचालक मंडळ,
बेंगळुरू फुटबॉल क्लब, बेंगळुरू.

विषय : यंदाची घसरण व पुढील संघबांधणीबाबत.

महोदय,

आम्ही नोकरी-धंद्यानिमित्त बेंगळुरूत स्थायिक झालेले मराठी भाषक. 2013 साली क्लब स्थापन झाला तेव्हा अशोकनगरच्या मैदानावर, आणि पुढे कंठीरवावर, आम्ही निळी जर्सी घालून येत आलो आहोत.

यंदा इंडियन सुपर लीगमधल्या बारा संघांत आपला संघ दहावा आला. बावीस सामन्यांत विजय फक्त पाच. घरच्या मैदानावर 8 डिसेंबरला मुंबई सिटीने 4-0 ने हरवले, 11 एप्रिलला मोहन बागाननेही 4-0 नेच. पदार्पणातच आय-लीग जिंकणाऱ्या, 2016 मध्ये एएफसी चषकाची अंतिम फेरी गाठणाऱ्या पहिल्या भारतीय क्लबची ही अवस्था बघवत नाही.

मुंबईकडून हरताच प्रशिक्षक सायमन ग्रेसन यांना हटवण्यात आले. त्याआधी जानेवारी 2021 मध्ये कार्लेस कुआद्रात गेले, 2022 मध्ये मार्को पेझाइउओली. प्रत्येकाची खेळवण्याची रीत वेगळी, त्यामुळे खेळाडूही वेगळे लागतात आणि संघाची घडी पुनःपुन्हा विस्कटते. याची जबाबदारी एकट्या प्रशिक्षकाची नाही, ती मालकांचीही आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खेळाडू राखण्याचेही तसेच. 17 मार्च 2019 रोजी मुंबईत राहुल भेकेने जादा वेळेत हेडर मारला आणि आपण गोव्याला हरवून इंडियन सुपर लीगचे विजेते झालो. आपला मराठी मुलगा म्हणून आमचा ऊर भरून आला होता. 2021 मध्ये तो मुंबई सिटीकडे गेला. परवा 4 मे रोजी कोलकात्यात त्याच संघाचा कर्णधार म्हणून तो विजेता ठरला. तो क्षण आम्हाला फार लागला.

म्हणून मागणी अशी, की खेळाडू निवडण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे जाहीर करावे. ग्रेसन यांच्या जागी आलेले प्रशिक्षक गेरार्ड झारागोझा यांना किमान एक पूर्ण हंगाम द्यावा. 2022 मध्ये आपल्याच युवा संघाने डेव्हलपमेंट लीगचे पहिले विजेतेपद पटकावले. त्या मुलांना मुख्य संघात नियमित खेळवावे. कर्णधार सुनील छेत्री ऑगस्टमध्ये चाळिशीत पोचतील. त्यांच्यानंतर गोल कोण करणार, याची तयारी आजच हवी.

नवा हंगाम सुरू होण्यापूर्वी समर्थकांची बैठक बोलवावी आणि या मागण्यांना लेखी उत्तर द्यावे, ही आग्रहाची विनंती.

आपले,
बेंगळुरूतील मराठी भाषक समर्थक