कस आणि कागद

संक्रांतीला घरोघरी तिळगूळ वाटला जात असतो, तेव्हा दिल्लीच्या उत्तरेला नव्वदेक किलोमीटरवर, पानिपतजवळच्या काला अंबला मराठी माणसे गोळा होतात. १४ जानेवारी १७६१ चा तो दिवस आपण विसरू म्हणता विसरत नाही. रणांगणावर एक आंब्याचे झाड होते, रक्ताने ते काळे पडले, म्हणून काला अंब, अशी आख्यायिका. झाड कधीच गेले. आता तिथे विटांचा स्तंभ आहे, भोवती बाग आहे.

गेल्या खेपेस आम्ही घरची चौघे तिथे होतो. स्तंभापुढे नमस्कार करून वळले, तर मागून अस्सल माणदेशी हेल कानावर आला, "ताई, कुठनं आला म्हनायचं? पुन्याकडचं दिसतासा."

साठी ओलांडलेले गृहस्थ. डोक्याला मफलर, कपाळाला अष्टगंध. गाव विट्याजवळ, सांगली जिल्ह्यात. मुक्काम पानिपतच्या बाजारात, पन्नास वर्षांच्या आसपास. धंदा गलाईचा. "चहाला आल्याबिगर सोडत न्हाई," म्हणाले आणि आम्ही निघालो. त्यांना सगळे तात्या म्हणत होते, मीही तात्याच म्हणते.

वाचकांपैकी पुष्कळांना गलाई हा शब्द नवा असेल. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, शेजारचे माण आणि खटाव हा सगळा दुष्काळी पट्टा. पावसाने पाठ फिरवली की इथली पोरे घराबाहेर पडत. कुणी मामाच्या, कुणी चुलत्याच्या बोटाला धरून परमुलखात जाई आणि सोने-चांदी गाळण्याची विद्या शिके. आज काश्मीरपासून केरळपर्यंत जवळजवळ प्रत्येक मोठ्या गावाच्या सराफ बाजारात, एखाद्या अरुंद जिन्याखाली, या भागातल्या माणसाची भट्टी सापडते. जुना दागिना मोडायचा, त्यातले सोने किती, तांबे-चांदी किती हे सांगायचे आणि शुद्ध सोन्याची लगड करून द्यायची, हे त्यांचे काम.

तात्यांचे दुकान आठ बाय दहाचे. कोपऱ्यात भट्टी, फळीवर मुशी, काचेच्या कपाटात तराजू आणि देवाच्या तसबिरीखाली काळा, गुळगुळीत दगड. कसोटी म्हणतात ती हीच. आपण माणसांना कसाला लावतो, सत्त्वाची कसोटी पाहतो. ते सगळे शब्द या दगडावरून आले.

माझ्या हातात आईच्या पाटल्या होत्या. १९८० च्या सुमारास आमच्या गावच्या एका सराफाकडून घेतलेल्या. "बावीस कॅरेट, डोळे मिटून घ्या," असे त्याने सांगितले होते आणि आईने खरोखर डोळे मिटून घेतल्या होत्या. मी सहज म्हटले, "तात्या, बघा बरं."

त्यांनी पाटली दगडावर हलकेच घासली. पिवळी रेघ उठली. शेजारी ठरावीक कसाच्या सळ्यांच्या दोन रेघा ओढल्या. तेजाबाचा एक थेंब पसरवला आणि खिडकीच्या उजेडात दगड तिरपा धरला. अर्धा मिनिट कुणी बोलले नाही.

"ताई, रागावू नका. एकोणीसच्या वर जात न्हाई."

मी रागावले नाही, पण मनातून खट्टू झाले. चार महिन्यांच्या पगारातून वाचवून घेतलेल्या पाटल्या त्या! पुढे दिल्लीत यंत्रावर तपासल्या, तर आकडा तात्यांच्या आकड्याला लागूनच निघाला. आता सराफाही नाही आणि आईही नाही. भांडायचे कुणाशी?

मात्र खरा धक्का पुढेच होता. मी कौतुकाने म्हटले, "तुमची पारख यंत्रासारखी आहे हो!" तात्या हसले. "ताई, यंत्राला सर्टिफिकेट हाय. मला कोण देनार?"

ही थट्टा नव्हती. त्यांचा पुतण्या बारावी झालेला. सहा वर्षे याच भट्टीवर घडला. एका तपासणी केंद्रात नोकरी मागायला गेला, तर पहिला प्रश्न आला, कागद कुठे आहे? हात बघायला कुणी तयार नव्हते. दुसरी गोष्ट त्याहून कडू. बाजारात चोरीचे सोने आले की पहिला संशय गाळणाऱ्यावर. "पूर्वी आमाला एकच आकडा पाठ हुता, चारशे अकरा. आता तीनशे सतरा झाला," तात्या म्हणाले. चोरीचा माल घेतल्याचे हे कलम. जुन्या दंडसंहितेत ते ४११ होते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३१७ आहे. परमुलूख, परभाषा आणि जवळ आपण कोण, काय शिकलो हे सांगणारा चिठोरा नाही. अशा माणसाने चौकीवर स्वतःची ओळख तरी काय सांगायची?

या धंद्याने कागद पाहिलाच नाही असे मात्र नाही. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आले. चौदा कॅरेटवरचे नवे दागिने करायला बंदी झाली आणि असंख्य सोनारांच्या हातचे काम गेले. चौदा कॅरेटचे बंधन पुढे सैल झाले, पण १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा आला. सोनाराला प्रमाणपत्र, व्यापाऱ्याला परवाना, गाळणाऱ्याला परवाना आणि वहीत पै-पैचा नव्हे, गुंज-गुंजेचा हिशेब. तात्या भट्टीवर आले ते याच काळात. "मामा दागिन्यापेक्षा वहीलाच जास्त जपायचं," त्यांना आठवते. हा कायदा १९९० मध्ये रद्द झाला. तो कागद सोन्यावर पाळत ठेवण्यासाठी होता. कारागिराची विद्या वाढावी, त्याला चार पैसे जास्त मिळावेत, हा त्याचा हेतूच नव्हता. म्हणून तो गेला तेव्हा कुणी हळहळले नाही.

दुसरा कागद गिऱ्हाइकासाठीचा, म्हणजे हॉलमार्क. हा शब्द लंडनचा. तिथल्या सोनारांच्या संघाचे सभागृह म्हणजे गोल्डस्मिथ्स हॉल. १४७८ पासून सोन्या-चांदीच्या वस्तू तपासून शिक्का मारण्याचे काम या हॉलमध्ये होऊ लागले, म्हणून तो हॉलमार्क. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने सोन्यासाठी ही योजना २००० मध्ये सुरू केली. १६ जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी ओळखक्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही.

गृहिणींनी एवढे लक्षात ठेवावे. दागिन्यावर तीन खुणा पाहाव्यात: ब्यूरोचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि तो सहा अक्षर-अंकी क्रमांक. बावीस कॅरेटला ९१६ असते, म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोने. अठराला ७५०, चौदाला ५८५. ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाईलवरच्या सोयीत क्रमांक घातला की दागिन्याची माहिती समोर येते. शुद्धता कमी भरली, तर तुटीच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागता येतो. घरातला जुना, शिक्का नसलेला दागिना बेकायदा ठरत नाही; मान्यताप्राप्त केंद्रात शुल्क भरून आपल्यालाही तो तपासून घेता येतो. माझ्या आईच्या वेळी हे असते, तर तिला डोळे मिटावे लागले नसते.

म्हणजे सराफाची नोंदणी झाली, केंद्राला मान्यता मिळाली, दागिन्यावर शिक्का बसला. राहिला कोण? भट्टीपुढे बसलेला माणूस.

आणि त्याला कागद हवा तो नुसत्या मानासाठी नाही. गाळण्याची रीत तात्यांनी दाखवली. भेसळीच्या सोन्यात साधारण तिप्पट चांदी मिसळून वितळवायचे, त्याचा पातळ पत्रा करायचा आणि तो तेजाबात उकळायचा. चांदी-तांबे विरघळते, तळाशी तपकिरी भुकटी राहते. ही माती नव्हे, सोने! धुऊन, सवागी घालून वितळवली की झळाळते. तेजाबात विरघळलेली चांदी तांब्याची पट्टी बुडवून परत मिळवायची. पाहताना जादू वाटते. पण तेजाब उकळताना तांबूस-तपकिरी धूर निघतो, तो थेट छातीत जातो. बोलता बोलता तात्यांना खोकल्याची उबळ येत होती. दुकानात धुराडे आता आहे, धूर ओढणारा पंखा आहे. ऐन तारुण्यातली वर्षे मात्र बंद खोलीत गेली. शिकवणाऱ्या मामाला तरी ते कुठे ठाऊक होते? परवाना देताना धुराडे आहे का, हातमोजे आहेत का, हे कुणी सक्तीने पाहिले असते, तर तो परवाना तात्यांच्या छातीसाठी ठरला असता.

म्हणून मला वाटते, परवाना आणि प्रमाणपत्र यांत आपण गल्लत करू नये. जिथे चूक झाली तर जीव जातो, तिथे परवान्यावाचून काम नको. घरातली वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडून आणि परवाना असलेल्या वायरमनच्या हातूनच व्हावी, हे १९५६ च्या वीज नियमांत होते, आजच्या सुरक्षा नियमांतही आहे. तरी आपण कोपऱ्यावरच्या पोराला बोलावतो, कारण तो पन्नास रुपये कमी घेतो. औषधाच्या दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट हवा, हे १९४८ च्या कायद्यापासून ठरले आहे. आपण कधी भिंतीवरचा कागद वाचला आहे का? विचारायला संकोच कसला?

जिथे प्रश्न कसबाचा आहे, तिथे मात्र कागद वाट अडवणारा नसावा, वाट दाखवणारा असावा. जर्मनीत कारागिराने 'माइस्टर' म्हणजे उस्ताद होण्याची परीक्षा दिल्याशिवाय स्वतःचे दुकान काढायचे नाही, अशी रीत कित्येक धंद्यांत होती. २००४ मध्ये त्यांनी ५३ धंद्यांवरची ही सक्ती उठवली, त्यात सोनारकामही होते. २०२० मध्ये त्यातल्या १२ धंद्यांना ती पुन्हा लावली. सोनारकाम मोकळेच राहिले. सांगायचे एवढेच की कुठे अडवावे आणि कुठे सोडावे, हे तिथेही एकदाच ठरवून संपत नाही.

आपल्याकडे २०१५ पासूनच्या कौशल्य विकास योजनेत एक चांगली सोय झाली. काम येत असलेल्याला पुन्हा शाळेत बसवायचे नाही. त्याची परीक्षा घ्यायची आणि असलेल्या कसबाला प्रमाणपत्र द्यायचे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत सोनार, सुतार, लोहार, कुंभार, शिंपी अशा अठरा धंद्यांतल्या कारागिरांना प्रमाणपत्र, ओळखपत्र आणि कमी व्याजाचे कर्ज आहे. पुतण्याने अशीच एक कसबाची परीक्षा दिली. परीक्षक त्याच्याहून लहान होता, पुस्तकातली नावे विचारत होता. पोराला नावे येईनात, पण मूस हातात दिल्यावर त्याचा हात चुकला नाही. पास झाला, नोकरीही लागली. तात्यांनी त्या प्रमाणपत्राला चौकट करून ते देवाच्या तसबिरीशेजारी लावले आहे, कसोटीच्या दगडाच्या बरोबर वर.

"पन कागद बघून सोनं कळत न्हाई," तात्यांनी पुतण्यासमोरच ऐकवले. "चार दिवसांत कागद घिऊन येत्यात काही पोरं. त्यांच्या हाती मी लगड देनार न्हाई." हेही खरेच आहे. कागदामागे कस नसेल, तर तो कागद म्हणजे माझ्या आईच्या पाटल्या.

निघताना मला पानिपतची ती प्रसिद्ध बातमी आठवली. पराभवाची खबर पेशव्यांकडे गेली ती सराफी भाषेत. मोठी माणसे गेली ती मोत्ये, सरदार गेले त्या मोहरा आणि बाकीची माणसे म्हणजे रुपये-खुर्दा, ज्यांची गणती कुणी ठेवली नाही. त्या खुर्द्यात नालबंद होते, लोहार होते, तोफा ओतणारे होते. अडीचशेहून अधिक वर्षे झाली. निदान आता तरी हाताने काम करणाऱ्या माणसाची गणती नावानिशी, त्याच्या विद्येनिशी व्हावी, एवढे मागणे काही फार नाही.

उद्या तुमच्या घरी वायरमन येईल, सुतार येईल. परवाना लागत असेल तिथे तो जरूर विचारा. आणि काम चोख झाले, तर एका कागदावर तसे लिहून, खाली सही करून त्याच्या हाती द्या. त्याला तो पुढच्या दारी उपयोगी पडेल.