‘गाव ओस पडले’ : या वाक्याचा कर्ता कोण?

लुप्त झालेल्या गावांविषयी लिहू लागले की समीक्षेला एक ठरावीक सूर लागतो. पडक्या भिंती, बुजलेली विहीर, गवतात हरवलेली वाट आणि अखेरीस ‘काळाच्या ओघात’ हे शब्द. हा सूर लागला की लेखकाचे व वाचकाचे डोळे एकदमच पाणावतात आणि विचारायचे प्रश्न विचारायचेच राहून जातात. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील नामशेष गावांवरचे बरेचसे लेखन याच सुरात होत असते आणि अमेरिकन साहित्य शिकणारे-शिकवणारे आम्ही तो सूर जसाच्या तसा उचलून वर्गात नेतो. या सवयीला आमची हरकत आहे. ‘गाव ओस पडले’ या वाक्यात व्याकरणाने गावच कर्ता ठरते. जणू त्याने आपण होऊन ओस पडायचे ठरवले. प्रत्यक्षात निर्णय दुसऱ्याच कोणाचा असतो आणि तो घेणारा या वाक्याच्या बाहेर सुखरूप उभा असतो.

उदाहरणे इलिनॉय राज्यातली घेऊ. तिथली काउंटी म्हणजे, ढोबळमानाने, शेतजमिनींनी वेढलेला आणि एका छोट्या मुख्य गावाभोवती फिरणारा प्रशासकीय विभाग. आज मेनार्ड काउंटीत मोडणारे, सँगमन नदीकाठचे न्यू सेलम हे गाव १८२९ मध्ये वसले. नदीवर बांध, बांधावर गिरणी, गिरणीभोवती दुकाने, लोहार, पिंपे बनवणारा कारागीर. ऐन भरातही पंचवीसेक कुटुंबांपलीकडे वस्ती गेली नाही. १८४० च्या सुमारास गाव संपलेले होते. अब्राहम लिंकन १८३१ ते १८३७ या काळात तेथे राहिला, म्हणून या गावाचे नाव आपणांस ठाऊक आहे.

हे गाव का संपले? १८३२ च्या वसंतात ‘टॅलिसमन’ नावाची आगबोट नदीतून वर आली आणि नदी व्यापाराला खुली होणार अशी आशा पालवली. परतताना पाणी इतके उतरले होते की बोट काढून द्यायला न्यू सेलमच्या बांधाचा काही भाग फोडावा लागला. पुढे जवळच पीटर्सबर्ग हे गाव उभे राहू लागले. १८३६ मध्ये त्याची मोजणी करून आखणी केली ती न्यू सेलममध्येच राहणाऱ्या सहायक भूमापकाने, म्हणजे लिंकननेच. त्याच वर्षी टपाल कचेरी न्यू सेलमहून पीटर्सबर्गला हलली. ती सांभाळणारा पोस्टमास्तरही लिंकनच होता. १८३९ मध्ये मेनार्ड काउंटी वेगळी झाली आणि तिचे मुख्यालय पीटर्सबर्गला गेले. नदी, टपाल, कचेरी या तीन गोष्टींचा हिशेब मांडला की ‘काळाचा ओघ’ म्हणून शिल्लक काही राहत नाही.

ते वर्षच तसे होते. गावांचे नकाशे काढायचे, भूखंड पाडायचे आणि कालवा किंवा रस्ता येणार या भरवशावर ते विकायचे, असा धंदा राज्यभर चालला होता. लिंकनने १८३६ मध्येच ह्यूरॉन नावाच्या आणखी एका गावाची आखणी केली. कालवा आला नाही, ह्यूरॉनही झाले नाही. १८३७ च्या आर्थिक अरिष्टाने अशी कितीतरी कागदी गावे कागदावरच संपवली. या गावांबद्दल हळहळणाऱ्याने निदान एवढे विचारावे की ती वसली कोणाच्या नफ्यासाठी आणि बुडाली कोणाच्या पैशाने.

आता दुसरी बाजू. मेलेले न्यू सेलम पुन्हा उभे केले गेले. जागा १९१९ मध्ये राज्य सरकारकडे आली आणि १९३० च्या दशकात ओंडक्यांच्या झोपड्या, दुकाने, गिरणी असे सारे गाव नव्याने बांधण्यात आले. जुन्यापैकी खरे उरले होते ते पिंपे बनवणाऱ्या ऑनस्टॉटचे दुकान. तेही पीटर्सबर्गला गेले होते, तेथून परत आणले गेले. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड ब्रूनर यांनी १९९४ मध्ये याच स्थळावर लिहिताना असा युक्तिवाद केला, की अशा प्रतिकृतीला सरसकट खोटी म्हणणे उथळपणाचे आहे. भेट देणारे लोक तिच्यातून स्वतःचे अर्थ घडवतात. हे आम्हांला मान्य आहे. प्रतिकृती खरी की खोटी, हा आमचा प्रश्नच नाही. आमचा प्रश्न असा, की नकाशावरून गेलेल्या इतक्या गावांतून पुन्हा उभे राहण्याचा मान याच गावाला का मिळाला? उत्तर उघड आहे. येथे एक मोठा माणूस सहा वर्षे राहिला होता. पंचवीस कुटुंबांचे जगणे त्याच्या चरित्राचे नेपथ्य म्हणून जतन झाले.

हे आरोपाच्या भरात आम्ही बोलत नाही, हे दाखवण्यासाठी शेजारच्या प्रदेशातील आणखी दोन गावे समोर ठेवतो.

पहिले सॉकनक. मिसिसिपी आणि रॉक नद्यांच्या संगमाजवळचे हे सॉक लोकांचे मोठे गाव. मक्याची शेते, लाकडी घरे, पूर्वजांची दफनभूमी. १८०४ मध्ये सेंट लुइसला मोजक्या सॉक व मेस्क्वाकी पुढाऱ्यांच्या सह्या घेऊन एक करार झाला, आणि ज्यांना तसा अधिकार जमातीने दिलेलाच नव्हता त्यांच्या हातून ही भूमी लिहून घेतली गेली. १८३१ च्या जूनमध्ये सैन्य आणि स्वयंसेवक चालून आले. लोक रातोरात नदीपार गेले होते. रिकामे गाव स्वयंसेवकांनी जाळले. पुढच्या वर्षी ब्लॅक हॉक आपल्या माणसांसह परतला आणि युद्ध पेटले. त्या युद्धासाठी न्यू सेलम परिसरातून जी तुकडी निघाली, तिने आपला कप्तान म्हणून लिंकनला निवडले. एक गाव जळाले आणि दुसऱ्या गावाला त्याचा नायक मिळाला, हा योगायोग वर्गात सहसा सांगितला जात नाही. ‘इलिनॉयमधील लुप्त गावे’ म्हणताना मोजणी गोऱ्या वसाहतकारांच्या पहिल्या झोपडीपासून सुरू करायची ही प्रथा आहे. आधीची गावे ‘लुप्त’ या यादीतही बसत नाहीत.

दुसरे न्यू फिलाडेल्फिया, पाइक काउंटीतले. वर्ष पुन्हा १८३६. फ्रँक मॅकवर्टर हा जन्माने गुलाम. केंटकीत मालकाकडून स्वतःचा वेळ विकत घेऊन त्याने कमाई केली. १८१७ मध्ये पत्नी ल्यूसीचे आणि १८१९ मध्ये स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतले. इलिनॉयमध्ये येऊन त्याने १४४ भूखंडांचे गाव आखले आणि रीतसर नोंदवले. कृष्णवर्णीयाने कायदेशीर नोंद करून वसवलेले हे अमेरिकेतील पहिले ज्ञात गाव. इतरांनी भूखंड विकून संपत्ती केली. याने भूखंडांच्या पैशांतून मुले-नातवंडे सोडवली. गावात काळे-गोरे शेजारी राहत. १८६५ च्या सुमारास वस्ती दीडशेच्या वर गेली होती. १८६९ मध्ये आलेला रेल्वेमार्ग मात्र गावाला वळसा घालून उत्तरेकडून गेला आणि हळूहळू नांगर फिरला. या वळशामागे वर्णद्वेष होता, असे पुरातत्त्वज्ञ ख्रिस्तोफर फेनेल यांनी साधार मांडले आहे. न्यू सेलम ज्या दशकात पुन्हा उभे राहिले, त्या दशकात न्यू फिलाडेल्फियाच्या जागी शेत होते. राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून ते राष्ट्रीय उद्यान व्यवस्थेत यायला २०२२ साल उजाडावे लागले. त्यासाठी वंशजांनी, स्थानिकांनी आणि उत्खनकांनी वर्षानुवर्षे खटपट केली.

येथे साहित्याचा अभ्यासक उठून म्हणेल, की सरकारे विसरतात, साहित्य विसरत नाही. एडगर ली मास्टर्स पाहा. जरूर पाहू. पीटर्सबर्ग आणि लुइस्टाउन या गावांत वाढलेल्या मास्टर्सने १९१५ च्या ‘स्पून रिव्हर अँथॉलॉजी’त दोनशेहून अधिक मृतांना दफनभूमीतून बोलते केले. गाव काल्पनिक, नदी मात्र खरी. हे पुस्तक थोर आहे, याविषयी आमचा वाद नाही. पण ते जेव्हा जेव्हा वर्गात येते तेव्हा त्याचे ‘हरवलेल्या गावाचे शोकगीत’ होते, हा आमचा वाद आहे. त्यातले मृत हळहळत नाहीत, ते साक्ष देतात : बँक कोणी बुडवली, न्यायाधीश कोणाचा होता, वर्तमानपत्र कोणाच्या पैशावर चालत होते. मास्टर्स वकील होता, हे विसरून त्याला विलापकवी करणे ही समीक्षेची करामत आहे.

आणि साहित्यही सत्तेच्या बाहेर नसते. लिंकनची प्रेयसी म्हणून दंतकथेत गेलेली अ‍ॅन रटलेज १८३५ मध्ये वारली आणि ओल्ड कॉन्कॉर्ड या ग्रामीण दफनभूमीत पुरली गेली. १८९० मध्ये तिचे अवशेष उकरून पीटर्सबर्गला नेण्यात आले आणि १९२१ मध्ये तेथील शिळेवर मास्टर्सचीच कविता कोरली गेली. टपाल गेले, कचेरी गेली, शेवटी थडगेही त्याच वाटेने गेले. कॉन्कॉर्डच्या गवतात तिच्या शेजारी निजलेल्यांसाठी कोणी कविता कोरली नाही.

हे सारे मराठीत का लिहावे, असे कोणी विचारील. कारण या बाबतीत आपली भाषा आपल्या समीक्षेपेक्षा अधिक सावध आहे. महसुली दप्तरात आपण ‘बेचिराख गाव’ म्हणतो : जेथे दिवा लागत नाही असे गाव. विदर्भात त्यालाच ‘रीठ’ म्हणतात. वस्ती गेली तरी या गावांचे नाव, शिव आणि क्षेत्र नोंदीत राहते. माणसे गेली म्हणून जमिनीचा हिशेब बंद होत नाही. आमची मागणी इतकीच आहे, की साहित्याच्या वर्गातही तो हिशेब चालू राहावा. ‘बनगरवाडी’च्या अखेरीस वाडी उठते तेव्हा दुष्काळाबरोबर त्या वाडीला आधार कोणाचा नव्हता, हेही विचारले जावे, आणि इलिनॉयचे एखादे गाव ‘नाहीसे झाले’ असे विद्यार्थ्याने लिहिले, तर शिक्षकाने समासात एवढेच लिहावे : कोणी केले?

उत्तर दर वेळी मिळेल असे नाही. दप्तरे जळतात, साक्षीदार मरतात, आणि खरोखरच रोगाने किंवा पुराने गेलेली गावेही असतात. तेथे शोक करावा, मनापासून करावा. पण शोधाच्या आधी केलेला शोक हा गावाच्या उपयोगाचा नसतो. तो ज्यांनी टपाल हलवले, गाव जाळले किंवा रूळ वळवले, त्यांच्याच सोयीचा असतो.