दोन वर्षांची खुर्ची

१५ डिसेंबर २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने मुंबईतल्या एका परिचारिकेचे म्हणणे ऐकून घेतले. कामा रुग्णालयातल्या अंजली कुलथे दूरदृश्य प्रणालीवरून बोलत होत्या. मुंबईवर हल्ला झाला त्या २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री त्यांची ड्यूटी होती. अतिरेकी आवारात शिरल्याचे दिसताच त्यांनी दारे लावून घेतली आणि वीस गरोदर बायकांना मजल्याच्या टोकाच्या लहानशा पॅन्ट्रीत नेऊन बसवले. एकीला कळा सुरू झाल्या, तर बाहेर गोळीबार चालू असताना भिंतीला धरून धरून तिला प्रसूतिगृहापर्यंत नेले. पुढे पकडल्या गेलेल्या हल्लेखोराची, कसाबची, ओळख पटवायला जाताना परिचारिकेचा गणवेशच अंगावर असावा, असा त्यांनी आग्रह धरला होता.

त्यांना हे परिषदेत सांगता आले, कारण त्या महिन्यात अध्यक्षपद भारताकडे होते. हे पद सदस्य देशांकडे आळीपाळीने महिनाभर येते. ३१ डिसेंबरला भारताच्या तात्पुरत्या सदस्यत्वाची दोन वर्षांची मुदत संपली आणि खुर्ची रिकामी करावी लागली.

त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला परिषदेची दहशतवादविरोधी समिती मुंबईत आली होती. पंधराही सदस्य देशांचे प्रतिनिधी ताज हॉटेलात बसले होते आणि त्यांना एक ध्वनिफीत ऐकवण्यात आली. नरिमन हाउसमधल्या हल्लेखोरांना फोनवरून सूचना देणारा साजिद मीरचा आवाज तिच्यात होता. जून २०२३ मध्ये त्याच साजिद मीरला जागतिक दहशतवाद्यांच्या यादीत घालण्याचा भारत-अमेरिकेचा प्रस्ताव परिषदेच्या निर्बंध समितीत चीनने अडवला. जैश-ए-मोहम्मदचा म्होरक्या मसूद अझर याचे नाव यादीत यायलाही २००९ ते २०१९ अशी दहा वर्षे लागली होती.

ही अडवणूक चालते कशी, हे नीट पाहायला हवे. या समितीत निर्णय सर्वसहमतीने होतात. एका सदस्याने हरकत घेतली की प्रस्ताव थांबतो. तात्पुरता सदस्यही हरकत घेऊ शकतो, पण दोन वर्षांनी त्याला उठावे लागते. कायम सदस्य उठतच नाही. मुंबईच्या बाबतीत नकाराधिकार हा शब्द कुणी उच्चारलाही नाही, तरी परिणाम तोच झाला. शिवाय निर्णय झाला तेव्हा ज्या शहरात माणसे मेली त्या शहराच्या देशाला त्या टेबलाशी जागा नव्हती.

विकसनशील देशांना सुरक्षा परिषदेत प्रतिनिधित्व हवे, ही मागणी आपल्याकडे बहुतेक वेळा मानाची म्हणून मांडली जाते. ती मानापेक्षा न्यायाची आहे. १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सदस्य देश ५१ होते आणि परिषदेत जागा ११. भारत स्वतंत्र नसतानाही संस्थापक सदस्य होता. आफ्रिकेतले सदस्य अवघे चार होते, उरलेला बहुतेक खंड पारतंत्र्यात होता. १९६५ मध्ये जागा १५ झाल्या. वाढलेल्या चारही तात्पुरत्या. आज सदस्य देश १९३ आहेत आणि जागा पंधराच. परिषदेपुढच्या कामाचा मोठा भाग आफ्रिकेतल्या संघर्षांचा असतो, पण तिथल्या ५४ देशांपैकी एकालाही कायम जागा नाही.

मुंबईतल्या देवनारच्या माणसाला यातले दुखणे समजावून सांगावे लागणार नाही. १९२७ पासून शहराचा कचरा इथे येऊन पडतो. जानेवारी २०१६ मध्ये डम्पिंग ग्राउंड पेटले, तेव्हा शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. कचरा कुठे टाकायचा ते ठरवणारे एकीकडे आणि धूर गिळणारे दुसरीकडे, ही तऱ्हा इथे ओळखीची आहे.

याच देवनारमध्ये, गोवंडी स्टेशन रोडला, आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. १९५६ मध्ये भारत सरकार, सर दोराबजी टाटा ट्रस्ट आणि संयुक्त राष्ट्रे यांनी मिळून ती सुरू केली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण हीच संस्था करते आणि आशियातल्या इतर देशांतले विद्यार्थीही इथे लोकसंख्याशास्त्र शिकून गेले आहेत. माणसे मोजायची कशी, हे शिकवणारी संस्था संयुक्त राष्ट्रांनी इथे उभी करायला हातभार लावला. त्यांची स्वतःची सर्वांत ताकदवान परिषद मात्र १९४५ च्या मोजणीवर बसून आहे.

नुसत्या डोक्यांच्या संख्येवर जागा मागणेही पुरेसे नाही, हे आपण तरी मान्य करायला हवे. लोकसभेतल्या राज्यवार जागा आजही १९७१ च्या जनगणनेवर ठरलेल्या आहेत. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतले त्यांचा आवाज त्यापायी कमी होऊ नये, एवढ्यासाठी आपण त्या गोठवल्या. म्हणजे संख्येबरोबर जबाबदारीचेही वजन धरायचे, हे तत्त्व आपण घरात मान्य केले आहे. बाहेरही तेच सांगावे, आणि तिथे आपली बाजू भक्कम आहे. शांतिसेनेत आजवर अडीच लाखांहून अधिक भारतीय सैनिकांनी काम केले आहे. १९९२ मध्ये युगोस्लाव्हियातल्या शांतिसेनेचे पहिले सेनापती होते मराठा लाइट इन्फन्ट्रीचे सतीश नंबियार. सैन्य त्यांच्या हाताखाली होते. त्या सैन्याने काय करायचे, हे न्यूयॉर्कमध्ये ठरत होते.

पुढे कोफी अन्नान यांनी नेमलेल्या उच्चस्तरीय गटात हेच नंबियार होते. २००४ च्या अखेरीस त्या गटाने दोन पर्याय दिले. एकात नकाराधिकाराविना सहा नव्या कायम जागा होत्या, दुसऱ्यात चार-चार वर्षांच्या आठ जागा, पुन्हा निवडून येता येतील अशा. दोन्हींत परिषद २४ जणांची होणार होती. एकही पर्याय पुढे गेला नाही. सनदेच्या १०८ व्या कलमानुसार दुरुस्तीला दोन तृतीयांश देशांची मंजुरी लागते आणि त्यांत पाचही कायम सदस्य असावे लागतात. ज्यांच्या हातून अधिकार काढून घ्यायचा त्यांचीच सही हवी. त्यात भारत, ब्राझील, जर्मनी, जपान यांच्या दाव्याला पाकिस्तान, इटली यांसारख्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचा विरोध आहे. २००९ पासून आंतरसरकारी वाटाघाटी चालू आहेत, पण ज्यावर घासाघीस करावी असा एक सर्वमान्य मसुदा त्यांतून निघालेला नाही.

आमच्या मते भारताने दोन गोष्टी धराव्यात. आपल्या जागेच्या आधी आफ्रिकेच्या जागेचा आग्रह धरावा. तो जास्त न्याय्य आहे आणि त्यातून महासभेतली मतेही जुळतील. नव्या कायम सदस्यांनी पंधरा वर्षे नकाराधिकार वापरू नये, असे भारतासह चार देशांनी २००५ मध्येच सुचवले होते. त्या तयारीपासून मागे हटू नये. दुसरी मागणी लहान आहे, पण मुंबईसाठी मोलाची. निर्बंध समितीत नाव अडवणाऱ्या देशाने कारण लेखी द्यावे आणि ते जाहीर व्हावे. त्यासाठी सनद बदलावी लागत नाही. समितीची कामकाजाची नियमावली समितीच ठरवते. महासभेने एप्रिल २०२२ मध्ये असेच एक पाऊल उचलले आहे. नकाराधिकार वापरला गेला की कामकाजाच्या दहा दिवसांत महासभेची बैठक होते आणि तो वापरणाऱ्याकडून खुलाशाची अपेक्षा धरली जाते. समितीच्या बंद दारामागच्या हरकतींनाही हा नियम लावता येईल.

भारताने २०२८-२९ साठी पुन्हा उमेदवारी जाहीर केली आहे. निवडून आलो तर ही नववी खेप असेल, आणि तीही दोनच वर्षांची.