मीठ-व्हिनेगर टाकू का?

बारामतीत परदेशी जाणाऱ्यांसाठी इंग्रजीचे क्लास हल्ली गल्लोगल्ली झालेत. आमच्या कोऱ्हाळे बुद्रुकची पोरंही एसटीनं, मोटारसायकलवर तिकडं जातात. कुणी नर्सिंगवाली, कुणी एमएस्सीला निघालेला. बापानं उसाच्या बिलातून फी भरलेली. मी उभी हयात हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, म्हणून निघायच्या आधी पोरं पाया पडायला येतात आणि मी त्यांना थोडं चाचपून बघतो. परदेशी जायला लागणाऱ्या आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत तोंडी भागात दिलेल्या विषयावर दोन मिनिटांपर्यंत बोलावं लागतं. ते सगळ्यांचं चोख असतं. महाबळेश्वरची सहल, आवडता शिक्षक (तो मी कधीच नसतो), आदर्श व्यक्ती, सगळं घडाघडा. मग मी दुकानदार होतो आणि भरभर विचारतो, ‘ओपन ऑर रॅप्ड, लव्ह?’ पोरगं माझ्या तोंडाकडं बघत बसतं.

ब्रिटनमध्ये फिश अँड चिप्सच्या दुकानात, म्हणजे तिकडच्या बोलीत ‘चिप्पी’त, हे रोजचं आहे. उघडं देऊ की घरी न्यायला गुंडाळून देऊ, एवढंच विचारलेलं असतं. त्याच्या आधी ‘सॉल्ट अँड व्हिनेगर?’ येऊन गेलेलं असतं. आणि ते ‘लव्ह’? यॉर्कशरमधली काउंटरवरची बाई परक्यालाही तसंच म्हणते. लाजायचं कारण नाही.

माझी तक्रार एवढीच की आपले क्लास बोलायला शिकवतात, विचारलेलं ऐकायला शिकवत नाहीत. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्या पहिल्या तुकड्यांतली मुलं आता आईबाप झालीत. तरी पाठ असतं ते ‘आय वुड लाइक टू ऑर्डर’ असं लांबलचक वाक्य. रांगेत पुढं उभा असलेला म्हातारा मात्र ‘कॉड अँड चिप्स ट्वाइस, प्लीज’ म्हणून मोकळा होतो. दोन हवेत तर ‘टू’ नाही, ‘ट्वाइस’. हे कुठल्या गाईडात सापडायचं?

भिगवणला उजनीची मासळी खायला गेल्यावर आपण तरी कुठं व्याकरण चालवतो? ‘दोन चिलापी थाळी, एक मरळ फ्राय, रस्सा वाढीव.’ पोऱ्या विचारतो, ‘भाकरी का चपाती?’ संपलं. मालाची माहिती आणि पुढचा प्रश्न काय येणार याचा अंदाज, या दोन गोष्टींवर तिथं निभावतं. चिप्पीतही तेवढंच लागतं. कॉड आणि हॅडॉक हे पांढरे समुद्री मासे. त्यांचे तुकडे सरबरीत पिठात बुडवून तळतात. चिप्स म्हणजे बटाट्याच्या जाड फोडी, आपल्या वेफर्सना तिकडं ‘क्रिस्प्स’ म्हणतात. ‘मशी पीज’ म्हणजे शिजवून घोटलेला हिरवा वाटाणा. ‘करी सॉस’वर मात्र फार आशा ठेवू नका. उत्तरेकडं तळणीतला पिठाचा चुरा ‘स्क्रॅप्स’ म्हणून मागता येतो. स्कॉटलंडमध्ये ‘फिश सपर’ म्हटलं की चिप्स त्यात आलेच, आणि एडिंबरात व्हिनेगरऐवजी ब्राउन सॉस विचारतात.

पण आमच्या भागातल्या पोरांना सगळ्यात गरजेचा प्रश्न वेगळाच आहे. कित्येक घरांत वारकऱ्यांची माळ आहे, मांस-मासळी वर्ज्य. पोरगी सांगते, ‘सर, मी मासा नाही खाणार, नुसते चिप्स घेईन.’ यॉर्कशर आणि उत्तर इंग्लंडमधली बरीच दुकानं आजही ‘बीफ ड्रिपिंग’मध्ये, म्हणजे गोवंशाच्या चरबीत तळतात. मासाही त्यातच, बटाटाही त्यातच. त्या चवीचा त्यांना अभिमान आहे, त्यामुळं पाटीवर लिहिलेलंही असतं. पण ड्रिपिंग म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर पाटी वाचून उपयोग काय? ‘व्हॉट डू यू फ्राय इन?’ एवढं विचारलं की दुकानदार सरळ सांगतो. वनस्पती तेलात तळणारीही पुष्कळ दुकानं आहेत. काही ठिकाणी पिठात बिअर असते, तेही विचारून घ्यावं. विचारणाऱ्याला तिथं कुणी हसत नाही.

शिवाय तळणारा माणूस क्लासच्या ध्वनिफितीतल्यासारखं बोलेल याचीही खात्री नाही. तळलेला मासा इंग्लंडात आणला तोच मुळी स्पेन-पोर्तुगालकडून आलेल्या ज्यूंनी. आज कितीतरी चिप्प्या सायप्रसच्या, चिनी, तुर्की कुटुंबांच्या आहेत. म्हणजे गिऱ्हाईक कोऱ्हाळ्याचं, दुकानदार सायप्रसचा, आणि व्यवहार यॉर्कशरी इंग्रजीत, तोही शुक्रवारच्या संध्याकाळी मागं रांग लागलेली असताना.

क्लासवाले म्हणतात, ‘सर, व्हिसा आयल्ट्सच्या गुणांवर, बँडवर मिळतो, चिप्सवर नाही.’ खरं आहे. पण बँड एका सकाळी लागतो, जेवायला रोज लागतं. तेव्हा माझी सूचना अशी: महिन्यातला एक तास भिगवणच्या एखाद्या हॉटेलात घ्या. निम्म्या पोरांना गल्ल्यामागं उभं करा, निम्म्यांना रांगेत. प्रश्न इंग्रजीत, भरभर आणि अर्धवट. मागच्यांनी ‘आवरा की’ म्हणून गलका करायचा. हॉटेलवाल्याला मी पटवतो. चिलापीचं बिल मात्र क्लासनं द्यावं; एवढी फी घेता, त्यात बसतं.