पाखरे राखणारे आणि पाखरे पाहणारे

२०२५ च्या नोव्हेंबरात आपल्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर एक सूचना लागली होती. ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असून त्यानिमित्त रविवारी उजनी जलाशयावर पक्षिनिरीक्षणासाठी येऊ इच्छिणाऱ्यांनी आपली नावे द्यावीत, अशी ती साधी सूचना. दुसऱ्या दिवशी पाहतो तो तिच्याखाली कोणीतरी बॉलपेनने लिहिलेले, "पाखरं बघून पोट भरतं का?"

अक्षर मी ओळखले. माझ्याच वर्गातला, सीनाकाठच्या गावचा मित्र. सप्टेंबरात सीनेला आलेला महापूर आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. माढा तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांत पाणी शिरले, जनावरे वाहून गेली आणि शेतांतली काळी माती खरवडून खाली नुसता मुरूम उरला. या मित्राच्या दोन एकरांचे तेच झाले. त्यानंतर दीड महिन्याने आम्ही गळ्यात दुर्बीण अडकवून पाखरे बघायला निघालो, तर त्याला राग येणार नाही तर काय होईल? मी त्या सूचनेपुढे बराच वेळ उभा होतो. नाव द्यायला गेलो होतो, ते न देताच परत आलो.

घरी आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, ही हकिकत सांगितली. आबा म्हणाले, "पाखरं बघून पोट भरत न्हाई खरं. पर पाखरं न बघता आमचं कवा भरलं व्हतं?"

या एका वाक्याने मला हा लेख लिहायला लावला आहे.

पक्षिनिरीक्षण म्हटले की आपल्यापुढे एक ठराविक चित्र उभे राहते. पुण्यामुंबईची मोटार, हातभर लांब भिंगाचा कॅमेरा, खाकी टोपी, आणि होडीवाल्याला "जवळ घ्या, अजून जवळ घ्या" म्हणून चाललेली घाई. भिगवण, कुंभारगाव या बाजूला हिवाळ्यात हे चित्र दर रविवारी दिसते. त्यात वाईट काही नाही, काठच्या मच्छिमारांना त्यातून चार पैसे मिळतात. परंतु हे चित्र पाहून आपण एक चुकीचा निष्कर्ष काढून बसलो आहोत, तो असा की पाखरे पाहणे हे पोट भरलेल्यांचे, बाहेरून आलेल्यांचे काम. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. पाखरांकडे बारकाईने पाहण्याची विद्या आपल्याच माळावर आणि आपल्याच मळ्यात होती. ती पोटासाठीच होती. आणि ती आपल्या पिढीत, आपल्या डोळ्यांदेखत संपते आहे.

आबांचेच उदाहरण घेतो, कारण ते मला घरबसल्या मिळाले. लहानपणी त्यांचे काम ज्वारी राखण्याचे. शेतात माळा घालायचा, त्यावर पहाटेपासून गोफण घेऊन बसायचे. दिवाळीच्या पुढेमागे भोरड्यांचे थवे यायचे. अंग गुलाबी, डोके, पंख नि शेपूट काळी, अशी ही साळुंकीच्या जातीची पाखरे. हजारोंनी उतरायची आणि भरलेली कणसे बघता बघता रिकामी करायची. थवा कोणत्या दिशेने येतो, उन्हे किती वर आली की उठतो, रात्रीचा कोणत्या झाडांवर वस्तीला जातो, हे राखणदाराला ठाऊक नसेल तर कुटुंबाची वर्षाची भाकरी जायची. पुस्तकात वाचले की हीच पाखरे मध्य आशियातून आणि त्याही पलीकडून येतात, तिथे टोळ व नाकतोडे खातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परत जातात. आबांना मध्य आशिया ठाऊक नव्हता. पण "पळस फुलला की ती जायाला निघत्यात" हे ठाऊक होते. पुस्तकांत या पाखराचे दुसरे नाव पळस मैना असे दिले आहे, हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग लिहिणारानं बी बसून बघितलं असणार."

असो. दुसऱ्या दिवशी मी नाव दिले. सरांना विचारून आबांचेही दिले.

कुर्डुवाडी, टेंभुर्णी करीत सकाळी लवकरच आम्ही भीमानगरला उतरलो. बावीस विद्यार्थी, दोन प्राध्यापक, एक दुर्बीण आणि आबा. धरणाच्या खालच्या अंगाला, जिथे भीमा पुन्हा नदी होते, तिथे खडकांवर पाणकावळे पंख वाळवीत बसले होते. एक राखी बगळा इतका निश्चल होता की आमच्यापैकी दोघांची तो खरा की खुंट यावर पैज लागली. नदी सुरय पाण्यावरून वरखाली होत होते, चोच खाली करून, काही हरवल्यासारखे. दुर्बीण एकाकडून दुसऱ्याकडे जाईपर्यंत पक्षी उडून जायचा. पण खरे सांगायचे तर नुसत्या डोळ्यांना पुष्कळ दिसत होते, फक्त कोणी "तिकडे बघ" असे म्हणायला हवे होते.

मग वरच्या बाजूला, जलाशयाच्या काठावर गेलो. पाणी तुडुंब होते. उजनीची क्षमता ११७ टी. एम. सी., आणि त्यातला निम्म्याहून अधिक हिस्सा मृतसाठा. शरदात धरण भरलेले असले की काठाचा चिखल पाण्याखाली असतो, त्यामुळे चिखलात चरणारे पक्षी तेव्हा थोडेच दिसतात. ज्यांच्यासाठी लोक गर्दी करतात ते रोहित, कोणी त्यांना अग्निपंख म्हणतात, पाणी उतरू लागल्यावर, डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास मोठ्या संख्येने येतात. आमच्यापैकी काहींचा यामुळे हिरमोड झाला. दूरवर पाण्यावर काळ्या ठिपक्यांचा एक मोठा जमाव तेवढा तरंगत होता. दुर्बिणीतून पाहिले तर काळे अंग आणि कपाळावर पांढराशुभ्र टिळा. सर म्हणाले, "हा वारकरी." पुस्तकात या पाणपक्ष्याचे मराठी नाव खरोखरच वारकरी आहे, चांदवा असेही आहे. कार्तिकी एकादशी नुकतीच, २ नोव्हेंबरला झालेली, आणि याच भीमेच्या खालच्या अंगाला पंढरपूर. आबांनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि म्हणाले, "टिळा हाय खरा, पर माळ न्हाई दिसत." सगळे हसले.

त्यानंतर मात्र आबा गप्प झाले. वरच्या अंगाकडे, जिथे पाणी आणि आभाळ एक झाले होते, तिकडे बोट करून त्यांनी मला सांगितले, "आपलं गाव तिकडं."

आमचे मूळ गाव करमाळा तालुक्यातले, भीमेकाठचे. उजनी धरणाचे काम १९६९ साली सुरू झाले आणि १९८० साली पूर्ण झाले. त्या दरम्यान आमचे गाव उठले. आबा त्या वेळी पंचविशीतले होते. त्यांनी सांगितले की नदीला तेव्हा वाळूची पात्रे होती, उन्हाळ्यात त्यांत टरबुजांच्या वाड्या लागत. हिवाळ्यात हरभऱ्याच्या रानात करकोच्यांचे थवे उतरत आणि पहाटे त्यांचा आवाज गावठाणापर्यंत ऐकू येई. टिटवी, खंड्या, धोबी, बगळा, होला, सगळ्यांची नावे त्यांच्या तोंडी होती. मी विचारले, "आणि रोहित? ह्याला तुम्ही काय म्हणायचा?" आबा म्हणाले, "त्याला आमच्यात नाव न्हाई. ते आमी उठल्यावर आलं."

मी याचा पुष्कळ विचार केला आहे. धरण झाले, उथळ काठ तयार झाले, गाळ साठला, म्हणून ते पक्षी आले. ज्याला वर्तमानपत्रे पक्ष्यांचे नंदनवन म्हणतात ते आमच्या गावठाणावर वसलेले आहे. पाणी फार खाली गेले, जसे २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे साठ टक्क्यांच्या घरात गेला होता, की जुन्या भिंती, देवळांचे अवशेष उघडे पडतात. आबा अशा एका उन्हाळ्यात तिथे जाऊन आले होते. ते म्हणतात की पाखरे एका लांब ओळीत उभी होती, आणि ती ओळ म्हणजे गावातून मळ्याकडे जाणारी जुनी गाडीवाट होती. तिथली जमीन जरा उंच, म्हणून पाणी घोट्याइतके. बाहेरचा माणूस या ओळीचा सुंदर फोटो काढील. पण ती ओळ सरळ का आहे हे त्याला कळणार नाही. ते सांगू शकणारी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत.

आता दुसऱ्या बाजूनेही बोलले पाहिजे. पाखरांविषयी माझ्या मित्राच्या मनात जी अढी आहे ती नुसत्या पुराने आलेली नाही. आपल्या भागात एक पक्षी असा आहे की ज्याचे नाव काढले तरी शेतकऱ्याच्या कपाळाला आठ्या पडतात. तो म्हणजे माळढोक. १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य जाहीर झाले. पुढे त्याची कागदावरची हद्द साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात होती, आणि तीत नान्नजबरोबर मोहोळ, करमाळा आणि आपल्या माढ्याचाही भाग होता. जमिनीचे व्यवहार अडतात, परवानग्या मिळत नाहीत, ही तक्रार वर्षानुवर्षे होत राहिली. २०१२ साली हद्द कमी करून सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणली. दरम्यान माळ नांगरले गेले, पाणी आले, ऊस आला, आणि गवताळ माळावर वर्षाला बहुधा एकच अंडे घालणारा तो मोठा पक्षी हळूहळू दिसेनासा झाला. आज देशात जे थोडके माळढोक उरले आहेत ते बहुतेक राजस्थानात. आपल्या जिल्ह्यात त्याचे दर्शन ही बातमी होते.

माझ्या मते यातली एक चूक कोणी फारशी बोलून दाखवीत नाही. माळढोक आपल्याकडे नकाशावरची रेघ म्हणून आला. ज्या धनगराला, ज्या गुराख्याला त्याची घरटी ठाऊक होती, त्याच्याजवळ बसून ते ज्ञान कोणी पुरेसे लिहून घेतले असे मला दिसत नाही. पक्षी कायद्याचा झाला आणि गावाचा राहिला नाही. उलट मारुती चितमपल्ली यांचे पाहा. सोलापुरात जन्मलेला हा माणूस वनखात्यात नोकरी करताना रानातल्या माणसांकडून शिकत राहिला, पक्ष्यांची गावोगावची नावे गोळा करीत राहिला, आणि त्यातून पक्षिकोश झाला. २००६ साली सोलापूरच्याच साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १८ जून २०२५ रोजी ते गेले. ५ नोव्हेंबर हा त्यांचा वाढदिवस आणि १२ नोव्हेंबर सलीम अलींचा, म्हणून पक्षी सप्ताह या तारखांना. ते गेल्यानंतरचा हा पहिलाच सप्ताह, आणि त्यांच्याच जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या फलकावर त्या सूचनेखाली "पोट भरतं का" असे लिहिलेले!

आपल्याकडे विज्ञान शाखा नाही, प्राणिशास्त्राचे प्राध्यापक नाहीत, मग हा उद्योग आपण कशाला करायचा, असे काही प्राध्यापक मंडळी म्हणतील. एकदोघांनी तसे म्हटलेही. त्यांना माझे नम्रपणे सांगणे आहे की हा उद्योग आपलाच आहे. पाखरांची नावे हा मराठी विभागाचा विषय आहे, पाऊस, पाणीपातळी आणि पीकपद्धती हा भूगोलाचा, आणि उठलेल्या गावांची हकिकत हा इतिहासाचा. हवी फक्त एक जाड नोंदवही. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत दर रविवारी प्रत्येकाने आपापल्या गावच्या एकाच ठिकाणी अर्धा तास उभे राहायचे आणि लिहायचे: तारीख, वेळ, पाणी किती, रानात कोणते पीक, कोणते पाखरू, किती, आणि त्याचे नाव कोणी सांगितले. शेवटचा रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कॅमेऱ्याची गरज नाही. मंगोलियात मानेत क्रमांकाची पट्टी घातलेले पट्टकादंब हंस थेट कर्नाटकातल्या तळ्यांवर आढळले आहेत. ते कळले, कारण काठावर उभ्या असलेल्या कोणीतरी तो क्रमांक वाचला आणि लिहून ठेवला.

पुराचा प्रश्न राहिलाच. तो मी टाळणार नाही. ज्याची माती गेली त्याला नोंदवहीने माती मिळणार नाही, पंचनाम्याची जागा ही वही घेऊ शकत नाही, आणि मित्राला मी तसे सांगायला गेलोही नाही. परतल्यावर फक्त एवढेच केले, की ग्रंथालयात सरांनी ठेवायला दिलेली नवी वही त्याला दाखवली आणि भोरड्यांविषयी आबांनी सांगितलेले वाचून दाखवले. तो ऐकत राहिला. म्हणाला, "आमच्यात बी यायच्या. आमची आजी डबा वाजवायची." मग विषय तिथेच राहिला.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वही उघडली तेव्हा माझ्या नोंदींखाली बॉलपेनने, त्याच ओळखीच्या अक्षरात एक ओळ होती. तारीख होती, गावाचे नाव होते, वेळ सकाळी साडेसात. पुढे लिहिले होते: "टिटव्या ४. धोबी २. भोरड्या नाहीत. ज्वारी पेरली नाही, वाफसाच आला नाही. नावे आजीने सांगितली."