विरजण विका, पण औषध म्हणून नको!

दह्यावर माझा राग नाही. कोमट दूध, चमचाभर विरजण, रात्रभर झाकण. सकाळी दूध धरलेलं. विरजण संपलं तर शेजारून वाटीत मागायचं, त्याचे पैसे कुणी घेतले नाहीत. आता तेच 'इम्युनिटी कल्चर' म्हणून पुडीत येतंय आणि सोबत व्हिडिओ: कॅन्सर, ल्युपस, किडनी, सगळ्यांना चालतं म्हणे!

सगळ्यांना? ल्युपसमध्ये प्रतिकारशक्तीच स्वतःच्या शरीरावर उलटलेली असते, औषधं देतात ती तिला आवरायला. तिला 'बूस्ट' करून काय साधणार? केमोत पांढऱ्या पेशी घसरतात. तेव्हा कच्चं दूध, नीट न धुतलेली बरणी, कुणाच्या तरी घरून आलेले केफिरचे दाणे, यातून नको ते जंतूही पोटात जाऊ शकतात. किडनीवाल्याला तर दुधातल्या पोटॅशियम-फॉस्फरसचाही हिशोब ठेवावा लागतो.

वर मेचनिकॉफचं नाव पुढे करतात. अहो, त्यांना १९०८ चं नोबेल मिळालं ते जंतू गिळणाऱ्या पेशींच्या शोधाबद्दल. आंबट दुधाबद्दल नव्हे!

कॅन्सर बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. मग रील म्हणजे जाहिरात नाही का? अन्न व औषध प्रशासनाने याचं उत्तर द्यावं.

आणि नातेवाइकांनो, पुडी फोडण्याआधी फोन पेशंटच्या डॉक्टरांना करा, विकणाऱ्याला नको. ते हो म्हणाले तर तापवलेल्या दुधाचं ताजं दही लावा. कुणी पुडीसाठी गोळ्या बंद करायला सांगितल्या, तर त्याला तिथल्या तिथे ब्लॉक करा.